विपळ कुणी मोजले?

पूर्वी लग्नाच्या मुहूर्तासाठी ठेवत ते घटिकापात्र भरून बुडायला २४ मिनिटे लागत. घटकेचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद. पळाचा साठावा भाग विपळ, म्हणजे ०.४ सेकंद. त्या पात्रावर विपळ दिसणे शक्यच नव्हते, ते भागाकारातून आले. आजच्या स्टॉपवॉचवर सेकंदाचा शंभरावा भागही दिसतो, आणि माझ्या मते फसगत तिथेच होते. आवाज ऐकून बटण दाबायला बोटालाच साधारण ०.२ सेकंद लागतात. अर्धे विपळ!

आमच्या मांडवगण फराट्याच्या शिवारात विहिरीचे पाणी काठापासून १२ मीटर खाली आहे असे धरू. सोडलेला दगड सुमारे १.५६ सेकंदांत पाण्यावर आदळतो. आवाज वर यायला ०.०४ सेकंदही लागत नाहीत. पण बटण ०.२ सेकंद उशिरा दाबले, तर हिशेबात पाणी तीन मीटरांहून अधिक खोल जाते. त्यापेक्षा दोर सोडून मोजणारा गडी बरा.

गॅलिलिओने म्हणूनच गोळी उतरत्या फळीवरून सोडून गती मंद केली, आणि वेळ मोजायला भांड्यातून गळालेले पाणी तोलले.

लंबकाची युक्ती याहून सोपी. मीटरभर लांबीच्या लंबकाचे एक आंदोलन सुमारे २ सेकंदांचे. एकच मोजले तर ०.२ सेकंदांची चूक दहा टक्के. वीस मोजली तर तीच चूक अर्धा टक्का. प्रयोगवहीत ‘२० आंदोलनांचा काळ’ हा रकाना असतो तो यासाठी. मुलांना कारण क्वचितच सांगितले जाते. मोजणी मात्र ‘शून्य’ म्हणून सुरू करायची. ‘एक’पासून केली, तर विसाव्या आकड्याला एकोणीसच आंदोलने झालेली असतात, आणि ही पाच टक्क्यांची चूक कुठलेही घड्याळ पकडत नाही.