पैनगंगेच्या वाळवंटातील चक्रवाक

कुमारसंभवाचा पाचवा सर्ग आम्ही कित्येक वर्षे शिकविला. तपस्विनी पार्वती पौषातील बोचऱ्या रात्री पाण्यात उभी राहून काढते, आणि समोर ताटातूट होऊन एकमेकांस हाका मारणाऱ्या चक्रवाकांची तिला कीव येते. हे स्थळ आले की आमचे ठरीव वाक्य असे : रात्री नरमादीचा वियोग होतो, असा कविसंकेत आहे. अमरकोशातील कोक, चक्र, रथांग ही नावे तोंडपाठ होती. मात्र तो पक्षी आपल्याच जिल्ह्यातील नदीवर दर हिवाळ्यास येतो, हे आम्हांस नोकरी संपेपर्यंत ठाऊक नव्हते. सांगावयास लाज वाटते, पण गोष्ट खरी आहे.

गेल्या पौषात पुतण्याच्या आग्रहावरून घरची चार मुले घेऊन आम्ही उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी गेलो. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी येथे जिल्ह्याची सीमाच होते. पलीकडचा तीर नांदेडचा. पावसाळ्यात धडकी भरविणारे पात्र थंडीत आटते, प्रवाह एका अंगास सरतो आणि रुंद वाळवंट उघडे पडते. पुतण्याजवळ दुर्बीण होती आणि सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले पुस्तकही होते. आमच्याजवळ कांबळे आणि मुलांस गप्प बसविण्याचा जुना अनुभव. पैकी दुसऱ्याचा उपयोग झाला नाही.

उजाडताच काठाशी शेपटी हालवीत खंजन दिसला. मग पुतण्याने बोट दाखविले. वाळूवर जोडीजोडीने चौदा पक्षी बसले होते. अंग नारिंगी-भगवे, डोके फिकट, शेपटी काळी. इंग्रजीत यास ब्राह्मणी बदक म्हणतात. भगवा रंग संन्याशाचा, गृहस्थ ब्राह्मणाचा नव्हे, हा भेद नाव ठेवणाऱ्यास बहुधा माहीत नसावा. असो.

हे पक्षी लडाख-तिबेटकडील उंच प्रदेशात, कड्यांच्या बिळांत अंडी घालतात. तेथील सरोवरे गोठू लागली की खाली उतरतात; आपल्याकडे साधारण ऑक्टोबरात येतात आणि उन्हाळा लागताच परततात. म्हणजे पार्वतीच्या तपाच्या ऐन पौषात ते हिमालयाच्या माथ्यावर नसावयाचे. पण कवीशी वाद कशाला? पायथ्याच्या नद्यांवर ते असतातच.

खरी मौज संध्याकाळी कळली. दिवसा वाळूवर विसावणारा हा पक्षी चरावयास बहुधा रात्री निघतो. कोवळे अंकुर, धान्य, पाण्यातील वनस्पती खातो. अंधार पडू लागला तशी 'आँग, आँग' अशी सानुनासिक हाक एका तीरावरून आली आणि दुसऱ्या तीरावरून तिला उत्तर मिळाले. धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, ते हरवले का हो?" आम्ही काय सांगणार? चरता चरता पांगलेली जोडी एकमेकांचा ठाव घेत असावी. ज्यास आम्ही नुसता संकेत म्हणत आलो, तो मुळात कोणाच्या तरी कानांनी ऐकलेला असावा, असे त्या काठावर प्रथमच वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तो वाळवंटात ट्रॅक्टर उभे, फावडी चाललेली. पक्षी दोनच, तेही दूर. मासे धरणारा एक भोई म्हणाला, "मास्तर, पूर्वी वाळूचा पट्टा त्या चिंचेपर्यंत होता." आता तेथे पाण्याने भरलेले खड्डे आहेत. या पक्ष्यास दिवसा टेकावयास उघडी वाळू हवी, कारण तेथून शत्रू लांबूनच दिसतो. खड्ड्याच्या काठी तो बसत नाही. वाळू आमच्याही घराच्या भिंतींत आहे, हे त्या वेळी आठवल्यावाचून राहिले नाही.

नातीने वहीत पहिल्या दिवसापुढे १४ आणि दुसऱ्यापुढे २ असे आकडे लिहिले आहेत. पुढील पौषात पुन्हा जावयाचे ठरले आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी फाल्गुनाच्या आत जावे, आणि ट्रॅक्टर येण्यापूर्वी काठावर पोहोचावे.