डागाला कारण हवं

प्लास्टिकचे रणगाडे आणि बोटभर सैनिक रंगवणाऱ्यांच्या कामात माझी नजर आधी जाते ती चिखलाकडे. चेहरा कितीही सुबक रंगवलेला असो, बुटांवरचा चिखल खोटा असला की अख्खा सैनिक खोटा वाटतो. खाचांत उतरणारा पातळ काळपट रंग आणि उंचवट्यांवर फिरवलेला कोरडा ब्रश ही जोडी या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. बेल्जियमच्या फ्रांस्वा फेर्लिंडेननं १९८०च्या दशकात ती जगभर पोचवली. खरी माती लावून भागत नाही, कारण १:३५ या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचा, बोराएवढा खडा होतो. म्हणून रंगद्रव्याची बारीक पूड घ्यावी लागते.

हे सगळं सरावानं येतं. अवघड प्रश्न पुढचा आहे: हा चिखल इथे आला कसा? गुडघा टेकून नेम धरणाऱ्या सैनिकाचा एकच गुडघा मळलेला हवा. रणगाड्याचा रंग जिथे माणसं चढतात-उतरतात तिथे आधी उडायला हवा. कितीतरी नावाजलेल्या कामांत मात्र गंज सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. मला ती सजावट वाटते. या प्रश्नाचं सर्वांत कडक उत्तर मला सापडलं ते छंदाच्या बाहेर, एका श्रीमंत अमेरिकन आजीबाईंच्या कामात.

फ्रान्सिस ग्लेसनर ली यांचा जन्म १८७८ सालचा, शिकागोतला. वडील शेतीची यंत्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या संस्थापकांपैकी. भाऊ हार्वर्डला गेला, लीबाई गेल्या नाहीत. भावाचा तिथला मित्र जॉर्ज बर्जेस मॅग्रॅथ पुढे बॉस्टनचा वैद्यकीय तपासनीस झाला, आणि पोलिसांच्या हलगर्जीपणानं खुनाचे पुरावे कसे नाहीसे होतात, हे बाईंना त्याच्याकडून कळलं. त्यांच्या पैशावर हार्वर्डमध्ये १९३१ साली न्यायवैद्यक विभाग उभा राहिला. १९४३ मध्ये न्यू हॅम्पशरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं. त्याच सुमारास, पासष्टीच्या घरात, त्यांनी पोलिसांना शिकवण्यासाठी बाहुल्यांची घरं करायला घेतली: ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ’. एका फुटाला एक इंच हे माप, आणि प्रत्येक घरात किमान एक मृतदेह.

घरं बांधली राल्फ मोशर या सुतारानं, न्यू हॅम्पशरमधल्या बाईंच्या ‘द रॉक्स’ नावाच्या इस्टेटीवर. त्याच्यानंतर मुलगा आल्टन हे काम बघू लागला. या घरांबद्दलच्या लेखनात मोशरांचं नाव ओझरतं येतं, हे मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी केलेली दारं उघडतात, कुलपं लागतात. बाईंच्या वाट्याला आलं ते बारीक काम: टाचण्यांवर विणलेले मोजे, बाहुल्यांचे कपडे आणि मळ.

मळाबाबत त्यांची पद्धत अशी की शक्य असेल तिथे कारणच घडवायचं. फाशी घेतलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी जुन्या गोठ्याचं, ऊन-पाऊस खाल्लेलं लाकूड वापरलं. जळालेली झोपडी आधी पूर्ण बांधून, सामान लावून सजवली आणि मग ब्लोटॉर्चनं जाळली. आपण घडवलेल्या वस्तूला आग लागताना बघणं सुताराला किती जड गेलं असेल! पण आग कुठून कुठे गेली, हे जळक्या वाशांवरून ओळखायला शिकवायचं असेल, तर काळा रंग पुरत नाही.

बाहुलीला मात्र मारता येत नाही. तिथे ब्रशच हातात घ्यावा लागला, आणि माझ्या मते लीबाईंचं खरं कर्तृत्व इथे दिसतं. देह नीट कलंडावा म्हणून त्यांनी आत छर्रे भरले आणि ताठरलेल्या प्रेतांत तारा घातल्या. मग कातडी रंगवली. हृदय थांबलं की रक्त खालच्या अंगाला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. काही तासांनी ते पक्के होतात. त्यानंतर प्रेत हलवलं, तर डाग वरच्या अंगाला राहून जातो आणि कुणीतरी हात लावल्याची साक्ष देतो. कार्बन मोनॉक्साइडनं मेलेल्याची कातडी चेरीलाल दिसते. कुजण्याची हिरवट छटा बहुधा पोटाच्या उजव्या खालच्या भागातून सुरू होते. ज्याला वेळ आणि कारण नाही असा एकही डाग बाईंना चालत नसे.

१९४५ पासून हार्वर्डच्या शिबिरांत पोलीस अधिकारी या खोल्यांसमोर नव्वद-नव्वद मिनिटं बसत. नजर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत आत यायचं, मृतदेह शेवटी बघायचा. १९६२ साली बाई गेल्या, आणि त्यांच्याच पैशावर उभा राहिलेला विभाग हार्वर्डनं काही वर्षांत बंद केला. ती संस्था याहून बरं वागू शकली असती. मेरीलँडच्या वैद्यकीय तपासनिसांनी या प्रतिकृती सांभाळल्या. त्यांच्याकडे बाल्टिमोरमध्ये १८ आहेत.

२०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं. त्याआधी संवर्धक एरियल ओ'कॉनर यांनी त्यांची डागडुजी केली. जुन्या बल्बांच्या उष्णतेनं नुकसान होत होतं, म्हणून एलईडी बसवले. अशा वस्तूची सफाई करणाऱ्यापुढे विलक्षण पेच असतो. सत्तर वर्षांत बसलेली धूळ काढायची आणि लीबाईंनी मुद्दाम लावलेला मळ राखायचा, आणि दोन्ही एकाच खुर्चीच्या हातावर असू शकतात. या खोल्यांची उत्तरं शिकवण्यासाठी गुप्त ठेवली जातात. एखादा डाग चुकून पुसला गेला, तर पुढच्या तुकडीतल्या अधिकाऱ्याला ते उत्तर सापडायचं नाही.