तालमीतला भार

बालाघाटाच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर पसरलेल्या आमच्या धाराशिव जिल्ह्यातील काळी जमीन रब्बीच्या ज्वारीला जितकी मानवते तितकीच ती कुस्तीला प्रतिकूल. उन्हाळ्यात ती भेगाळते, तिची ढेकळे पाठीला टोचतात आणि ओल लागताच तीच माती अंगाला चिकटून सुटता सुटत नाही. त्यामुळे तालमीतल्या कुस्तीच्या हौदासाठी तांबडी माती मुद्दाम बाहेरून आणवावी लागे. ती चाळून खडा न् खडा वेचायचा, तीत ताक, गोडे तेल, लिंबाचा रस, हळद, कापूर आणि काव कालवून ती मुरू द्यायची, आणि मूठ आवळली असता गोळा व्हावा व बोटाने दाबताच तो फुटावा एवढा ओलावा तीत कायम राखायचा, हा सगळा उपचार पहिलवानांच्याच अंगावर असे. परंडा तालुक्यातील ज्या तालमीत माझे बालपण गेले तेथे पहाटेचा पहिला व्यायाम म्हणजे हौद उकरणे. जोर-बैठकांची पाळी त्यानंतर. जवळच सीनाकाठच्या डोमगावी समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ असल्याने मारुती आणि शरीरसाधना यांची सांगड आमच्या मनात लहानपणीच बसलेली होती, आणि तालमीतल्या शेंदूर लावलेल्या मारुतीच्या मूर्तीला हात जोडल्यावाचून कोणी हौदात पाऊल टाकीत नसे.

तालमीबाहेरच्या माणसाला कुस्ती दिसते ती यात्रेतल्या फडावर, हलगीच्या कडकडाटात, जिथे एकाने दुसऱ्याला चितपट करावे एवढाच हेतू असतो. तालमीतली रोजची लढत मात्र निराळ्या हेतूने चालते, कारण तेथे बलाढ्य मल्लाला आपल्याहून निम्म्या वजनाच्या पोराला अंगावर घेऊन शिकवावे लागते. आणि हे काम किती नाजूक आहे हे ज्याने त्या पोराच्या जागी उभे राहून अनुभवले त्यालाच पुरते उमगते. एकेरी पट काढताना माझे डोके मला शिकवणाऱ्या थोरल्या मल्लाच्या मांडीच्या आतल्या बाजूस, छातीशी भिडलेले हवे. ते बाहेर राहिले की तो नुसता उभा राही, जमिनीत रोवल्याप्रमाणे, आणि माझी सारी धडपड त्याच्या पायाशी व्यर्थ जाई. डोके जागेवर आले, गुडघ्यामागे दोन्ही हातांची पकड बसली, खांदा मांडीला भिडला, की त्याच क्षणी तो गुडघा किंचित सैल होत असे. मनगटांना ते शैथिल्य जाणवे आणि डाव कुठवर बरोबर आला हे शब्दावाचून कळे. खाली धरल्यावर मानेवर तो भार टाकी तोही मोजून, म्हणजे मला श्वास घेता यावा पण स्वस्थ पडून राहता येऊ नये इतकाच. आणि चार-सहा महिन्यांनी मान भरू लागली की त्याच प्रमाणात तो भार वाढत जाई, तो केव्हा वाढला याचा पत्ताही लागू न देता.

एकदा एका तरुण पहिलवानाने दमलेल्या मुलाची कीव येऊन चुकीच्या पकडीवरही अंग टाकून दिले, तेव्हा कट्ट्यावर बसलेले वस्ताद कडाडले, "उगं पडू नगंस, पोराचं वाटोळं व्हतंय!" त्या एका वाक्याचा अर्थ मला त्या वयात अर्धाच कळला. खोटे पडणे ही दया नव्हे आणि सारे बळ लावून चिरडणे हे शौर्य नव्हे. या दोहोंमधली जी अरुंद वाट आहे तीवरून चालण्याचा अभ्यास म्हणजे तालीम, हे पुढे सरकारी नोकरीत शिरल्यावर माझ्या ध्यानी आले.

महसूल खात्यात मी कारकून म्हणून रुजू झालो तो 1972 च्या दुष्काळात. निजामी अंमल 1948 साली संपला असला तरी गिरदावर, पेशकार ही त्या अंमलातली नावे अजून लोकांच्या तोंडी होती, आणि हातात कागद धरलेल्या कोणत्याही माणसापुढे रयत तशीच वाकत होती. दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग मोजून हजेरीपटावर मजुरीची नोंद करणे हे माझे काम. उन्हात आठवडाभर राबलेली बाई आपल्या ढिगाशेजारी उभी राही, आणि मोजणीचा आकडा माझ्या लेखणीतून उतरणार असल्याने तिच्या घरच्या चुलीवर माझा अंमल चाले. एवढी सत्ता कोवळ्या वयात हाती येणे धोक्याचे असते. कोठे ढीग विस्कळीत रचलेला असे, कोठे खडी ठरल्याहून मोठी राहिलेली असे. आकडा फुगवून लिहिणे म्हणजे हौदात खोटे पडणे, हे माझ्या हाडात भिनलेले होते. पण ढीग नामंजूर करून पुढे चालू लागणे हेही मला जमेना. मग मी तेथेच थांबून उणे काय ते दाखवी, ढीग नीट रचून घेई आणि पुन्हा टेप लावी. वेळ जाई, वरिष्ठांना ते फारसे रुचत नसे, पण आकडा खरा राही आणि मजुरीही पदरात पडे.

पुढे तहसिलीत वारसाच्या फेरफारांचे दप्तर माझ्याकडे आले तेव्हाही हाच प्रकार. अर्जात एक त्रुटी काढून माणसाला परत पाठवावे, तो आठ दिवसांनी एसटीने पुन्हा आला की दुसरी काढावी, हा कचेऱ्यांतला जुना रिवाज. यात कायद्याचा भंग काहीच नाही, आणि म्हणूनच तो अधिक क्रूर आहे. सारी न्यूने पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यावीत, म्हणजे समोरच्याला आपली पकड कोठे चुकते ते कळते, एवढा नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला. तो मला कोणत्याही परिपत्रकाने शिकविलेला नव्हता.

कुस्तीतला आमच्या पिढीचा अभिमान म्हणजे पहिलवान हरिश्चंद्र बिराजदार. त्यांचे रामलिंग मुदगड हे गाव निलंगा तालुक्यातले, आणि 1982 साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो तालुका उस्मानाबादेतच, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच, असल्याने 1969 ची महाराष्ट्र केसरीची गदा आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक ही आमच्याच जिल्ह्याने मिळविली असे आम्ही मानीत आलो. मला त्या पदकांइतकेच मोलाचे वाटते ते त्यांचे उत्तरायुष्य, जे त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत कोवळ्या पोरांना मल्ल करण्यात वेचले. देशातला अग्रगण्य पहिलवान नवशिक्यांसाठी आपले आयुष्य देतो, याहून बळाचा अधिक उदात्त विनियोग मला सुचत नाही.

2023 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा धाराशिव नगरात भरली. गादी आणि माती असे दोन विभाग या स्पर्धेत असतात. गादीवर गुणांचा हिशेब चालतो, खेळ वेगवान होतो, आणि आंतरराष्ट्रीय मैदानात उतरायचे तर तिला पर्याय नाही, हे मी निःशंकपणे मान्य करतो. परंतु पहिली दोन वर्षे पोराने मातीतच काढावीत असे माझे ठाम मत आहे, कारण माती पडणाऱ्याला सांभाळते, हालचाल मंद करते आणि वस्तादाला व थोरल्या मल्लाला भार मोजून देण्यास अवसर देते. आज खेड्यापाड्यांतले हौद कोरडे पडले आहेत. दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकऱ्याला झेपत नाही आणि होतकरू पोरे कोल्हापूर-पुण्याची वाट धरतात. खुराकाचा प्रश्न मोठा आहे, तो एका दिवसात सुटणार नाही. हौदाचा प्रश्न मात्र गावाच्या आटोक्यातला आहे: दोन-चार ट्रॉल्या तांबडी माती, काही डबे तेल, ताक घरोघरचे, आणि उन्हाळ्यात टँकर गावात आला म्हणजे त्यातले चार हंडे पाणी. एवढी तरतूद ग्रामसभेने ठरावात घालावी आणि दर गुढीपाडव्याला माती बदलावी.