उंदराच्या मापाची कॉइल
अमळनेरात एमआरआयचा धागा शोधायला निघाले की पोचायला होते वनस्पती तुपाच्या कारखान्यापाशी. एम. एच. प्रेमजी यांनी १९४५ च्या डिसेंबरात इथे काढलेली कंपनी पुढे विप्रो झाली. १९९० मध्ये तिने अमेरिकेच्या जीईबरोबर वैद्यकीय यंत्रांचा भागीदारी उद्योग सुरू केला. त्याच जीईच्या सेसिल हेज, विल्यम एडेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शरीरातून येणारा एमआरआयचा संकेत पकडणारी ‘बर्डकेज’ कॉइल मांडली होती: तांब्याची दोन कडी, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या आणि अधूनमधून कपॅसिटर. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी हीच रचना मुठीत मावेल एवढी करतात.

कौतुक सगळे चुंबकाच्या वाट्याला जाते, ते अन्यायाचे आहे. माणसाच्या मेंदूला एक मिलिमीटरचा ठिपका चालतो. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, तिथे ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा लागतो. घनफळ हजारपट कमी, संकेतही तेवढाच क्षीण. पुन्हा पुन्हा मोजून ही तूट भरायची तर दहा लाख पट वेळ हवा! म्हणून कॉइल लहान करून प्राण्याला लगटून बसवायची.

मग सुरू होतो ट्यूनिंगचा हट्ट. ७ टेस्लाच्या चुंबकात कॉइल सुमारे ३०० मेगाहर्ट्झवर लागावी लागते. रिकामी असताना ती बरोबर लागते; उंदीर आत सरकवला की घसरते. लांब, अचुंबकी काडीने कपॅसिटर किंचित फिरवायचा, मग ५० ओहमचे मॅचिंग साधायचे. एक जुळवले की दुसरे हलते. एकाच पट्टीचा कपॅसिटर वेगळा निघाला तर चित्राची एक बाजू उजळ, दुसरी मंद. इथे नुसती सूत्रे पुरत नाहीत, सोल्डरवर हात बसावा लागतो.

खरी चिंता गोंगाटाची. मोठ्या कॉइलमध्ये तो मुख्यतः रुग्णाच्या शरीरातून येतो, एवढ्या लहान कॉइलमध्ये तांब्यातूनच. म्हणून तांबे उणे २४० अंशांच्या आसपास थंड करतात आणि चित्र दोन-अडीच पट सुधारते. पण तिथून काही मिलिमीटरवर भूल दिलेला उंदीर असतो आणि भुलीत त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. मध्ये निर्वात कप्पा, वर हीटर, पोटाशी श्वास मोजणारी उशी. शिवाय मेंदूतली गाठ किती वाढली हे पाहायला तोच उंदीर काही आठवड्यांनी परत येतो. तेव्हा त्याचे डोके कॉइलपासून तेवढ्याच अंतरावर बसले नाही, तर ठिपका गाठीमुळे मंद झाला की अंतरामुळे, हे चित्र पाहून सांगता येत नाही.