छायाचित्राचा भाव: दिवसाचा की वापराचा?

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मलकापूर ते नांदुरा या राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या वडनेर भोलजीसारख्या गावातील छायाचित्रकाराची मुख्य कमाई लग्नसराईतून होते. मात्र महामार्गालगतची हॉटेले, परिसरातील जिनिंग-प्रेसिंग, खामगावच्या चांदीच्या पेढ्या आणि हंगामात पीक पाहणीचे कार्यक्रम घेणाऱ्या बियाणे कंपन्या यांच्याकडून त्याला मिळू शकणारे काम लग्नाच्या कामापेक्षा मुळातच वेगळे असते. लग्नाचा अल्बम घरातल्या कपाटात राहतो, त्यावर कोणी नफा कमावत नाही; कपाशीच्या बोंडाचे छायाचित्र बियाण्याच्या पाकिटावर छापले गेले, की ते विक्रीचे साधन होते. एखाद्या धंद्याच्या विक्रीला किंवा जाहिरातीला उपयोगी पडावे म्हणून काढलेल्या अशा छायाचित्रांना व्यावसायिक छायाचित्रण म्हणतात, आणि त्याचा दर लग्नाच्या पॅकेजच्या हिशेबाने सांगून मोकळे होणे ही या व्यवसायातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

स्वतंत्रपणे, म्हणजे कोणाच्या पगारावर नसताना, काम करणाऱ्याने दर ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा तो स्वतःच्या खर्चाचा. समजा कॅमेरा, लेन्स, दिवे आणि संगणक मिळून 6,00,000 रुपयांचे साहित्य आहे आणि ते पाच वर्षे टिकणार आहे. तर त्याची वर्षाची झीज 1,20,000 रुपये झाली. दुरुस्ती व विमा 24,000, सॉफ्टवेअर व साठवणूक 36,000, दुकानभाडे, वीज, फोन व प्रवास 96,000 आणि घरखर्चासाठी 3,00,000 रुपये धरले, तर वर्षाला 5,76,000 रुपये मिळालेच पाहिजेत. ही रक्कम 300 दिवसांनी भागली तर रोजचे 1,920 रुपये येतात, आणि शेजारच्या गावातला दुसरा छायाचित्रकार 1,800 रुपयांत तयार आहे असे ऐकले की तेवढ्यावर होकार देण्याचा मोह होतो. चूक भागाकारात नाही, भाजकात आहे. चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात, पावसाळ्यात बाहेरची कामे थांबतात, आणि प्रत्येक शूटमागे छायाचित्रे निवडणे, रंगसंस्करण करणे, बोलणी करणे व वसुलीसाठी फेऱ्या मारणे यात जाणाऱ्या दिवसांचे बिल कोणीच देत नाही. ज्यांचे बिल निघते असे दिवस वर्षात 96 असतील, तर दर दिवसाला 6,000 रुपये पडतात. त्याखाली केलेले प्रत्येक काम घरखर्चातून किंवा पुढच्या कॅमेऱ्याच्या पैशांतून भागवले जाते. मदतनीसाची मजुरी आणि करही अजून यात धरलेले नाहीत.

दिवसाचा दर हा मात्र केवळ पाया आहे, कारण सारखाच वेळ घेणारी दोन कामे सारखी अवघड नसतात. रजतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावातील एखाद्या पेढीने चांदीच्या ताटवाटीची छायाचित्रे नगावर, म्हणजे प्रत्येक वस्तूमागे ठरावीक रक्कम देऊन मागवली, तर होकार देण्यापूर्वी त्या वस्तूंकडे नीट पाहावे लागते. घासून चकाकवलेली चांदी आरशासारखी वागते; तिच्यात कॅमेरा, छत, खिडकी आणि छायाचित्रकाराचा सदरा असे सगळेच उमटते. म्हणून वस्तूभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारून प्रकाश बाहेरून गाळून सोडतात. पण नुसत्या पांढऱ्याने ताटाची कड पार्श्वभूमीत विरघळून जाते, तेव्हा काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या अशा कोनात लावाव्या लागतात, की त्यांचे प्रतिबिंब नेमके कडेवर पडून आकार उठून दिसेल. एका तांब्याला यात सहज तास जातो, तर डब्यात बांधलेल्या मसाल्याच्या पाकिटाला दहा मिनिटे पुरतात. दोन्हींना एकच नगदर लावणाऱ्याने चांदीचा अभ्यास केलेला नसतो, आणि पेढीच्या मालकाने केलेला असतो.

खरा गुंता यानंतर सुरू होतो. व्यावसायिक छायाचित्रणात गिऱ्हाइकाला मिळतात दोन गोष्टी: छायाचित्रकाराचे श्रम आणि तयार छायाचित्र वापरण्याची मुभा. या मुभेला परवाना म्हणतात, आणि तिची किंमत छायाचित्र कुठे, किती मोठ्या प्रदेशात, किती काळ वापरले जाणार आणि इतरांना त्याच्या वापराची मनाई असणार का, यावर अवलंबून असते. एका बियाणे कंपनीने वडनेर परिसरातील शेतात दोन दिवस कपाशीची छायाचित्रे काढून घेतली, असे उदाहरण घेऊ. ती केवळ तालुक्यातील मेळाव्याच्या पत्रकात एकदा छापली जाणार असतील, तर दोन दिवसांच्या 12,000 रुपयांवर थोडी रक्कम पुरे. तीच पाकिटावर, होर्डिंगवर आणि दिनदर्शिकेवर, पाच वर्षे, अनेक राज्यांत वापरायची असतील, तर परवान्याची रक्कम श्रमाच्या मोबदल्याहून मोठी असणेच न्याय्य आहे. याचे सर्वमान्य कोष्टक नाही. बीटी कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल विक्री किंमत केंद्र सरकार 2015 च्या नियंत्रण आदेशानुसार ठरवून देते, पण पाकिटावरील चित्राची किंमत बोलण्यातूनच ठरते, आणि ज्याने आधी विचार केलेला असतो त्याच्याच बाजूने ती झुकते. शेतकऱ्याचा चेहरा ओळखू येत असेल, तर जाहिरातीतील वापरासाठी त्याची लेखी संमती घेणे हेही कामाचाच भाग असून त्याचे श्रमही दरात यायला हवेत.

ही बोलणी आधी का करायची, याचे उत्तर कायद्यात आहे. स्वामित्व हक्क, म्हणजे कृतीच्या प्रती काढण्याचा व त्या वापरू देण्याचा हक्क, सामान्यतः निर्मात्याचा असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, ते काढून घेणारे गिऱ्हाईक ठरते. हा नियम इंग्रजांच्या 1911 च्या कायद्यातून आलेला आहे; ब्रिटनने 1988 च्या कायद्याने तो बदलून हक्क छायाचित्रकाराकडे दिला, आपल्याकडे तो तसाच राहिला. 1947 मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिये-ब्रेसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली, त्यामागे छायाचित्रांवरील हक्क नियतकालिकांकडे न जाता काढणाऱ्याकडे राहावा हा प्रमुख हेतू होता. 2012 च्या दुरुस्तीने भारतात छायाचित्राच्या हक्काची मुदत निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत वाढली, परंतु करार न करणाऱ्याला या वाढीचा काहीच लाभ नाही, कारण हक्क त्याच्याकडे नसतोच.

करार म्हटला की वकील, स्टॅम्प पेपर आणि संशय असे चित्र उभे राहते व लहान गावात ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे अवघड वाटते. प्रत्यक्षात कोटेशनच्या पानावर चार ओळी लिहून दोघांनी सही केली तरी भागते: हक्क छायाचित्रकाराकडे राहतील, अमुक वापर, अमुक मुदत, अमुक प्रदेश. गिऱ्हाइकाला संपूर्ण हक्कच हवे असतील तर तेही द्यावेत, पण त्याची रक्कम वेगळी लावावी. हक्क हस्तांतरित करतानाही मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नये. कलम 19 नुसार मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता मानला जातो. नावाचा उल्लेख मागण्याचा हक्क मात्र कलम 57 नुसार हस्तांतरानंतरही निर्मात्याकडेच राहतो.

भाव पाडण्याची स्पर्धा याने थांबणार नाही. घासाघीस झाली तर रक्कम कमी करण्याऐवजी वापर कमी करावा, म्हणजे पाच वर्षांऐवजी एक हंगाम, होर्डिंगऐवजी केवळ पत्रक. गिऱ्हाइकाचा मान राहतो आणि दरही मोडत नाही. कोटेशनमध्ये कर धरला आहे की नाही, हेही स्पष्ट लिहावे, कारण सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते आणि छायाचित्रणावर तो 18 टक्के आहे.

उरते ती वसुली. निम्मी रक्कम आगाऊ घेणे हा रूढ आणि योग्य उपाय आहे. उरलेल्या रकमेसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 उपयोगी पडतो: नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठीची उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे; व्यावसायिक कामे घेऊ पाहणाऱ्या छायाचित्रकाराने ती पहिले कोटेशन देण्यापूर्वी करून घ्यावी.