गाडी एका बाजूला का ओढते?

भाजीपाला, दुधाचे कॅन किंवा सिमेंटच्या गोण्या वाहून नेणारी पिकअप गाडी तुमच्या रोजच्या पाहण्यातली आहे. अशीच एक गाडी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून घाट उतरत वाशीकडे जात असे. गाडीच्या मालकाची तक्रार एकच होती. गाडी सतत डावीकडे ओढायची आणि सरळ जायचे तर स्टिअरिंग थोडे उजवीकडे धरून ठेवावे लागायचे. त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले, पुढचे डावे टायर नवे घातले, पुढच्या चाकांचे अलाइनमेंटही करून घेतले. पैसे गेले, ओढ मात्र तशीच राहिली.

शेवटी ते एका वयस्क मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने पान्याला हातही लावला नाही. तो म्हणाला, "भाऊ, आधी मला सांगा, रिकामी असताना ओढते की भरलेली असताना? ठरावीक वेगाला ओढते की कायम? ब्रेक मारल्यावर की सरळ चालताना? आणि हे सुरू कधी झाले?"

डॉक्टर नाडी पाहण्याआधी चौकशी करतात, तसाच हा प्रकार. या चार प्रश्नांमागे कोणते विज्ञान आहे ते पाहू या. मग त्या गाडीचे दुखणे आपल्यालाही ओळखता येईल.

रिकामी की भरलेली?

बहुतेक पिकअप गाड्यांच्या मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची कमानदार चवड असते. तिला गॅरेजमध्ये पाटा म्हणतात. टांग्यालाही असेच पाटे असत. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात. स्थितिस्थापक वस्तूवर जितके बल लावावे, तितक्या प्रमाणात ती ताणली किंवा दाबली जाते. पाट्याचेही तसेच असते.

समजा, रिकाम्या गाडीच्या मागच्या पाट्यांवर ४०० किलो भार आहे आणि त्यामुळे ते ४ सेंटिमीटर दबले आहेत. आता मागे १२०० किलो माल भरला. एकूण भार १६०० किलो, म्हणजे चौपट झाला. पाटेही चौपट, म्हणजे १६ सेंटिमीटर दबतील. गाडी खड्ड्यातून गेल्यावर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, हे काढण्याची एक सोपी रीत आहे. पाटा भाराने जितके सेंटिमीटर दबला असेल, त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागायचे. रिकाम्या गाडीसाठी उत्तर येते ५ भागिले २, म्हणजे अडीच. भरलेल्या गाडीसाठी ५ भागिले ४, म्हणजे सव्वा.

सेकंदाला एक-सव्वा आंदोलन शरीराला सुसह्य वाटते, कारण चालतानाही आपले शरीर साधारण याच सुमाराला हलत असते. अडीच आंदोलने मात्र हाडे खिळखिळी करतात. म्हणून रिकामी पिकअप मागून उडते, तो दोष नव्हे. ओझे पेलण्यासाठी मुद्दाम ताठ केलेल्या पाट्याचा तो गुणधर्म आहे. उलट, भरलेली गाडी एका बाजूला कलत असेल, तर मात्र त्या बाजूच्या पाट्याचे पान मोडले आहे का किंवा पाटा थकून सपाट झाला आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

पाटा धक्का झेलतो, पण झेललेली ऊर्जा साठवतो आणि लगेच परत करतो. ती ऊर्जा जिरवण्याचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की हे तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकलले जाते आणि आंदोलनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर डावा आणि उजवा शॉकअ‍ॅब्सॉर्बर जपून चाचपला, तर चांगला गरम लागतो आणि निकामी झालेला त्या मानाने थंड असतो. तेलाचा ओघळ दिसला, तर शंका पक्की होते. गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा झुलते ते मोजायचे, अशी एक परीक्षा आहे. पण पिकअपचे मागचे पाटे इतके ताठ असतात, की माणसाच्या जोराने ते फारसे दबतच नाहीत. तेव्हा मागच्या बाजूला या परीक्षेवर विसंबू नये.

ठरावीक वेगाला की कायम?

काही गाड्यांचे स्टिअरिंग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास थरथरते आणि वेग कमी करताच शांत होते. असे का होते? समजा, पुढच्या चाकाच्या रिंगेची एक बाजू ३० ग्रॅमने जड आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना हे चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेते. त्या वेळी हे चिमूटभर वजन चाकाला सव्वादोन किलो भाराइतक्या जोराने बाहेर खेचते आणि खेचण्याची दिशा सेकंदाला १० वेळा फिरते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ताशी ४० किलोमीटरला ते फक्त चौथा भाग उरते. शिवाय टायर आणि एक्सल यांची स्वतःची आंदोलनेही सेकंदाला दहा-पंधरांच्या घरात असतात. दोन्ही वारंवारता जुळल्या की संस्पंदन होते. झोक्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही तो उंच नेतो, तसेच हे. इथे उपाय चाकाच्या बॅलन्सिंगचा आहे, शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा नव्हे.

थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असेल, तर ती बहुधा चाकाची नसते. इंजिनापासून मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो. म्हणजे सेकंदाला १० ऐवजी ४० कंप. कोणता भाग बिघडला हे कंपांची संख्याच सांगते.

ब्रेक मारल्यावर की सरळ चालताना?

गाडी फक्त ब्रेक लावल्यावर ओढत असेल, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत, असा पहिला संशय घ्यावा. सरळ चालतानाही ओढत असेल, तर आधी चारही टायरमधील हवा मोजावी. कमी हवेचे टायर जास्त चपटे होते, त्याचा रस्त्यावरील रोध वाढतो आणि गाडी त्या बाजूला वळू पाहते. आणखी एक लक्षात ठेवा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून सुदृढ गाडीही किंचित डावीकडे झुकते. पाहणी सपाट जागेवरच करावी.

टायरवर संशय असेल, तर पुढच्या दोन्ही चाकांची अदलाबदल करावी. ओढ डावीकडची उजवीकडे गेली, तर दोष टायरमध्ये आहे. ओढ जागच्या जागी राहिली, तर दोष गाडीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगाची रीत तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. आपल्या टोमॅटोवाल्यांनी एकदम तीन गोष्टी बदलल्या. त्यामुळे गाडी सुधारली असती, तरी कशामुळे ते त्यांना कळले नसते.

टायरची झीजही बोलकी असते. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी राहिली. मधला भाग झिजला असेल, तर हवा जास्त झाली. एकच कड झिजली असेल, तर चाकाचा कोन चुकला आहे. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर चाक उडत चालते आहे आणि आता शॉकअ‍ॅब्सॉर्बर व बॅलन्सिंग तपासायला हवे.

दोष गाडीत की ओझ्यात?

कधी गाडी निरोगी असते आणि चुकते ते माल भरणे. मागचा एक्सल हा सी-सॉच्या फळीचा आधार आहे असे समजा. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे. १००० किलो मालाचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे पडला, तर पुढच्या चाकांवरचा भार १०० किलोने कमी होतो. तोच माल ३० सेंटिमीटर पुढे ठेवला, तर पुढच्या चाकांवर १०० किलो वाढतात. पुढची चाके हलकी झाली की त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तशी वळत नाही.

उंचीही तितकीच महत्त्वाची. डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर असेल आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.८ मीटर उंच असेल, तर ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर गाडी ताशी सुमारे ५८ किलोमीटरला उलटण्याच्या बेतात येते. गुरुत्वमध्य १.२ मीटरवर गेला की हीच मर्यादा ४७ वर येते. पाटे दबून गाडी कलते, म्हणून प्रत्यक्षात धोका याहूनही आधी सुरू होतो. मागच्या हौद्यात माणसे उभी करून गाडी नेणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मिस्त्रीची टेप

आता त्या गाडीकडे वळू. मालकाची उत्तरे अशी होती. गाडी रिकामी असो वा भरलेली, ओढतेच. कोणत्याही वेगाला ओढते. ब्रेक मारताना डावीकडे झटका देत नाही, पण जोरात ब्रेक मारल्यानंतर पुढे ओढ थोडी वाढलेली वाटते. हे सुरू झाले ते भरलेली गाडी एका गतिरोधकावर आदळल्यापासून, आणि त्या वेळी मागून "टक्" असा आवाज आला होता.

मिस्त्रीने गाडी सपाट जागी उभी केली, पुढची चाके सरळ केली आणि टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. डावीकडे ते भरले ३ मीटर, उजवीकडे ३ मीटर २ सेंटिमीटर! उजव्या बाजूला मागच्या पाट्याची पाने एकत्र धरणारा आणि एक्सलला जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटला होता, यू-बोल्ट ढिले झाले होते आणि एक्सलचे उजवे टोक मागे सरकले होते.

२ सेंटिमीटर म्हणजे अगदी थोडे, असे वाटेल. पण दोन चाकांतील १.४ मीटर अंतराशी त्याचे प्रमाण १ ला ७० पडते. म्हणजे दर ७० मीटरला मागची चाके १ मीटर उजवीकडे जाऊ पाहत होती. मागचा भाग उजवीकडे जाऊ लागला की तोंड डावीकडे वळते. तक्रार पुढच्या डाव्या बाजूची, दोष मागच्या उजव्या बाजूला! अलाइनमेंटच्या वेळी फक्त पुढची दोन चाके एकमेकांशी जुळवली होती, म्हणून हा दोष तेथे सापडला नाही. आणि ब्रेक मारताना रस्ता चाकांना मागे ढकलतो, म्हणून दर जोरदार ब्रेकबरोबर एक्सल आणखी सरकत होता. घाट उतरताना तो पुरता निसटला असता, तर मागची चाके स्वतःच गाडी वळवू लागली असती. नवा बोल्ट आणि नवे यू-बोल्ट बसवण्याचा खर्च आधीच्या खर्चापुढे काहीच नव्हता.

करून पाहा

एका बारीक स्प्रिंगला ५० ग्रॅमचे वजन टांगा, थोडे खाली ओढून सोडा आणि २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. आता २०० ग्रॅम टांगून पुन्हा मोजा. वेळ जवळजवळ दुप्पट येईल. मग तेच वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून आंदोलने किती लवकर थांबतात ते पाहा. पहिल्या भागात रिकामी आणि भरलेली पिकअप आहे, दुसऱ्यात शॉकअ‍ॅब्सॉर्बर.

आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरून सरळ जाणाऱ्या एखाद्या पिकअपकडे मागून नीट पाहा. पुढची आणि मागची चाके एका ओळीत न जाता गाडी खेकड्यासारखी तिरकी चालताना दिसली, तर पुढच्या थांब्यावर चालकाला जरूर सांगा, "काका, मागचा सेंटर बोल्ट बघून घ्या."