कागदातले ‘गौरीशंकर’ : जेट विमानाच्या प्रतिकृतीचे संगणकीय आरेखन

एअर इंडियाच्या ताफ्यात १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने दाखल झाली आणि त्यांना हिमालयातील शिखरांची नावे देण्यात आली. त्यांपैकी ‘गौरीशंकर’ हे ७०७-४३७ या उपप्रकाराचे विमान सुमारे ४६.६ मीटर लांब होते, त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४३.४ मीटर पसरले होते आणि ते ३५ अंशांनी मागे झुकलेले होते. हे विमान १:१४४ या प्रमाणात जाड कागदात उतरवायचे ठरवल्यास त्याची लांबी ३२.४ सेंटीमीटर भरते. ए-४ कागद २९.७ सेंटीमीटर लांब असल्यामुळे धड एका तुकड्यात मावत नाही, आणि ते कुठे तोडावे हा आरेखकापुढचा पहिला प्रश्न ठरतो.

त्याहून अवघड प्रश्न कागदाच्या स्वभावाचा आहे. सिंधुदुर्गात दिवाळीपूर्वी कामट्या आणि पतंगी कागद घेऊन आकाशकंदील बांधणाऱ्या मुलांनाही हे ठाऊक असते की कागद एका दिशेने वळतो, पण एकाच वेळी दोन दिशांनी वळवू गेल्यास चुरगळतो. जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली सिद्ध केले की पृष्ठ न ताणता वाकवले तर त्याची विशिष्ट वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य असल्याने त्यापासून नळकांडे व शंकू होतात, गोल होत नाही. कागदापासून असे घडू शकणाऱ्या पृष्ठांना उलगडता येणारी पृष्ठे म्हणतात. ७०७चे मधले धड जवळजवळ असे आहे, मात्र त्याचा छेद वर्तुळाकार नाही. वरच्या व खालच्या भागांचे दोन निराळे वर्तुळखंड जोडून तो झालेला आहे, आणि ही बाब नजरेआड केलेली प्रतिकृती कितीही सफाईदार असली तरी ७०७ वाटत नाही.

कॅड, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केले जाणारे आरेखन, इथे कामाला येते. आरेखक तीन बाजूंची रेखाचित्रे आणि छायाचित्रे पडद्यावर मागे ठेवतो, ठरावीक अंतरावर छेद काढतो व त्यांवरून त्वचा ताणतो. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षाहून मोठे दिसत असल्याने मोजमाप रेखाचित्रावरूनच घेणे इष्ट असते. मग संगणक प्रत्येक तुकडा सपाट उलगडून देतो, पण ज्या पृष्ठाला दुहेरी वक्रता आहे ते उलगडताना कुठेतरी ताण किंवा फट येणारच, आणि ती कुठे पडावी हे माणसालाच ठरवावे लागते. नाकासाठी दोन मार्ग असतात : लांबट पाकळ्या किंवा एकामागून एक लहान होत जाणाऱ्या शंकूच्या कड्या. पाकळ्यांचे सांधे पुढून मागे धावून डोळ्यांत भरतात, त्यामुळे कड्याच सरस म्हणाव्या लागतात. वैमानिकासमोरच्या खिडक्यांच्या काचा सपाट असल्यामुळे हा भाग कागदाला आपोआप मानवतो. पंखाचे मात्र तसे नाही : सरळ रेषांनी बनलेले पृष्ठ उलगडता येतेच असे नाही, आणि पंखाला पीळ असेल तर मुळीच नाही, त्यामुळे वरचा व खालचा पत्रा पुढच्या कडेवर एकच घडी घालून जोडताना काही पीळ सोडून द्यावा लागतो.

संगणकातील पृष्ठाला जाडी नसते, कागदाला मात्र असते. ०.२ मिलिमीटर जाडीच्या कागदाच्या दोन कड्या जोडण्यासाठी आतून बसवायची पट्टी कडीइतकीच लांब काढली तर ती आत शिरत नाही. तिचा परीघ सुमारे सव्वा मिलिमीटर कमी धरावा लागतो, कारण त्रिज्या कागदाच्या जाडीने घटते आणि परीघ त्याच्या सव्वासहा पट घटतो. म्हणून साध्या कागदावर चाचणीची प्रत छापण्यापेक्षा शेवटी वापरायच्याच कागदावर ती बांधून पाहणे योग्य.

इंजिनांबाबतही दक्षता हवी. एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ विमानांना रोल्स-रॉइसची ‘कॉनवे’ इंजिने होती, नंतरच्या ७०७-३३७ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीची. दोन्हींची आवरणे निराळी असल्याने दुसऱ्या ७०७चे आवरण ‘गौरीशंकर’वर चढवणे म्हणजे चुकीचे विमान बनवणे होय.

मालवणच्या किनाऱ्यावर यात हवेतील दमटपणाची भर पडते, कारण कागद ओलावा शोषून तंतूंच्या आडव्या दिशेला अधिक फुगतो. त्यामुळे तंतू धडाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्यास गोलाई सहज येते, परंतु ओलावा परिघात भरून कड्या सैल पडतात. म्हणून धड बंद करण्यापूर्वी आतून आणि प्रतिकृती पूर्ण झाल्यावर बाहेरून वार्निशचा हात देणे इथे अनिवार्य ठरते. सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळण्याच्या पत्त्यांवर, लाखेचा थर चढवण्याची रीत आहे आणि कागदाला आच्छादनाने टिकवण्याचे ते जिल्ह्यातलेच उदाहरण आहे. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी, जिथे पृष्ठांची उलगड आरेखनाच्या विषयात शंकू आणि नळकांड्यांवर शिकवली जाते, तिथे ‘गौरीशंकर’चे नाक हा एक उत्तम अभ्यासविषय होऊ शकेल.